मोटारसायकलचा बॉबकट

‘बॉबकट’ हा शब्द मराठी घरात शिरला तो मुलींच्या केसांवरून, आणि शिरला तो भांडणासकट. वेणीफणीच्या त्या दिवसांत ज्या मुलीने मानेपाशी केस कापून घेतले, तिच्या आजीला दोन दिवस अन्न गोड लागले नाही. तिसऱ्या दिवशी ‘निदान उवांची कटकट तरी गेली’ असे म्हणून तिने समेट केला. परंतु हा शब्द मुळात केसांचा नव्हे, घोड्याच्या शेपटीचा. गाडीला जुंपायच्या घोड्याचे शेपूट लगामात अडकू नये म्हणून इंग्लंडात ते आखूड कापीत, आणि अशा घोड्याला ‘बॉबटेल’ म्हणत. शेपटीवरून तो शब्द बायकांच्या केसांवर आला, आणि पुढे अमेरिकेत मोटारसायकलच्या मागच्या मडगार्डवर जाऊन बसला. मडगार्ड कापून आखूड केलेल्या, फालतू म्हणून जे जे काढता येईल ते काढून टाकलेल्या फटफटीला ‘बॉबर’ म्हणतात.

ही बॉबर आता आपल्याकडे आली आहे. दोन-सव्वादोन लाखांत, म्हणजे नोकरदार माणसाच्या खिशाला चिमटा काढून का होईना पण हप्त्यांनी परवडेल अशा किमतीत, ती दुकानाच्या काचेमागे उभी असते. ठेंगणी, रुंद टायरांची, मागून बोडकी, आणि बहुधा एकाच माणसाला बसता येईल अशी. तिच्यावरून तरुणांची नजर हलत नाही. आता जी गोष्ट कमी करून कमी करून बनविली, ती विकत घेताना आपण पैसे मात्र जास्त का मोजतो, हे समजून घ्यायचे तर तिची कुळकथा प्रथम पाहिली पाहिजे.

अमेरिकेत एके काळी मोटारसायकलींचे कारखाने डझनांनी होते. मोटारगाडी स्वस्त झाली तसे ते एकेक बंद पडू लागले, आणि १९२९ सालच्या आर्थिक कोसळणीनंतर तर मोठे असे दोनच उरले: ‘हार्ले-डेव्हिडसन’ आणि ‘इंडियन’. शर्यतीसाठी निराळ्या गाड्या बांधण्याइतका पैसा ना कारखान्यांपाशी होता, ना स्वारांपाशी. तेव्हा १९३४ च्या सुमारास तिथल्या मोटारसायकल संघटनेने ‘क्लास सी’ नावाचा एक गरिबांचा वर्ग काढला. नियम असा की, गाडी रस्त्यावर चालणारी, नेहमीच्या विक्रीची आणि स्वाराच्या स्वतःच्या मालकीची पाहिजे. मग गडी काय करीत? घरून त्याच गाडीवर बसून मैदानापर्यंत यायचे, आल्यावर पाना काढायचा, पुढचा दिवा उतरवायचा, पुढचे मडगार्ड सोडायचे, मागचे तर आधीच करवतीने निम्मे कापलेले, आणि शर्यत पळायची. संध्याकाळी पुन्हा दिवा बसवून घरी. या कापाकापीला एका पैचा खर्च नव्हता. जे काढले तेवढे वजन घटले, आणि वजन घटले तेवढी गाडी चपळ झाली. बॉबर ही वस्तू अशी दारिद्र्याच्या पोटी जन्मली, आणि तिचा बाप कारखाना नव्हे, मालकाच्या हातातला पाना होता.

पुढे महायुद्ध आले. हार्लेने सैन्यासाठी ‘डब्ल्यूएलए’ नावाची गाडी सत्तर हजारांहून अधिक संख्येने बनविली. ७४० सीसीचे इंजिन, शक्ती पंचवीस घोड्यांच्या आतच, आणि वजन मात्र अडीचशे किलोच्या घरात! युद्ध संपल्यावर या गाड्या लष्करी मोडीत स्वस्तात निघाल्या. घरी परतलेल्या सैनिकाजवळ थोडे साठलेले पैसे होते, यंत्राची ओळख होती, आणि चार वर्षे मरण जवळून पाहिल्यामुळे पुन्हा दुकानाच्या गल्ल्यामागे बसण्याची फारशी इच्छा नव्हती. युरोपात त्यांनी हलक्या इंग्रजी फटफट्या पाहिल्या होत्या, आणि त्या पाहून आपल्या धुडाचे वजन त्यांना खुपू लागले, असे सांगतात. मागचे कॅरिअर, थैल्या, मागची बैठक, साखळीवरचा पत्रा, सगळे एकेक करून निघाले. उरली ती दोन चाके, इंजिन, टाकी आणि स्प्रिंगांवर डुलणारे एक चामड्याचे खोगीर.

या खोगिराबद्दल थोडे थांबून सांगावेसे वाटते. त्या गाड्यांच्या मागच्या चाकाला स्प्रिंग नव्हतीच. चाक थेट सांगाड्याला पक्के बसविलेले असे, आणि खड्ड्याचा हिशेब खोगिराच्या स्प्रिंगा व स्वाराची कंबर आपसात चुकता करीत. हार्लेच्या मोठ्या गाड्यांना मागे स्प्रिंगा मिळाल्या त्या १९५८ साली. म्हणजे बॉबरची ती ताठ, मागच्या आसापासून सरळ वर चढत गेलेली रेषा, जिच्यावर आजचे चित्रकार जीव टाकतात, ती कोणी सौंदर्य म्हणून आखलेली नव्हती. तेव्हा गाड्याच तशा होत्या. आजच्या बॉबरमध्ये मागची स्प्रिंग असते, परंतु कित्येकींत ती लाज वाटावी अशी बैठकीखाली लपविलेली असते. ट्रायम्फ कंपनीने २०१६ साली १२०० सीसीची बॉबर जगापुढे आणली, तिच्यात हीच युक्ती होती. आजोबांच्या कंबरदुखीची नक्कल नातवाने करावी, पण कंबर मात्र दुखू देऊ नये, असा हा प्रकार आहे. मला तो लबाडीचा वाटत नाही. कंबर सर्वांनाच असते.

१९४७ च्या ४ जुलैला कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर या लहानशा गावी मोटारसायकलवाल्यांचा मेळा भरला. गावची वस्ती साडेचार हजारांची, आणि आले जवळजवळ तेवढेच पाहुणे. दारू, आरडाओरड, रस्त्यावर शर्यती. पोलीस कमी पडले. ‘लाइफ’ साप्ताहिकात रिकाम्या बाटल्यांच्या ढिगात गाडीवर रेलून बसलेल्या एका माणसाचे छायाचित्र आले, आणि बॉबरवरचा माणूस म्हणजे गुंड असे समीकरण सभ्य घरांत बसले. त्या प्रसंगावरून सुचलेला, मार्लन ब्रँडोचा ‘द वाइल्ड वन’ हा बोलपट १९५३ साली निघाला. ब्रिटनमध्ये तो १९६७ पर्यंत दाखवू दिला नाही. गंमत अशी की, बंडखोराचे काम करणाऱ्या ब्रँडोच्या खाली गाडी होती ती धड मडगार्ड असलेली इंग्रजी ट्रायम्फ! तथापि लोकांच्या मनात जे चित्र उमटले ते उमटले. एका माणसाची बैठक ही तेव्हापासून काटकसरीची खूण राहिली नाही; ‘मला कोणाची गरज नाही’ या वाक्याची ती खूण झाली. पुढे साठीच्या दशकात पुढचा काटा हातभर लांबवून, हँडल डोक्याच्या वर नेऊन जी ‘चॉपर’ निघाली, ती बॉबरची थोरली उधळी लेक. तिच्याबद्दल इथे लिहीत नाही.

आता आपल्याकडे वळू. अमेरिकन सैनिकाने जे करवतीने केले, ते आपल्याकडे करायला तरबेज हातांची वाण कधीच नव्हती. जुन्या बुलेटचे रूप पालटून देणारे मिस्त्री गावोगाव आहेत. परंतु मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने नोंदणीच्या वेळची गाडी मालकाने आपल्या मर्जीने बदलणे निषिद्ध केले आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारखान्याच्या मूळ नमुन्याहून निराळी केलेली गाडी चालणार नाही असे बजावले. त्यात शहाणपण आहे. कापलेला सांगाडा वळणावर तुटला म्हणजे मरणारा एकटा मालकच नसतो. पण परिणाम असा झाला की, जी वस्तू जगात मालकाच्या हाताने जन्मली, ती आपल्या देशात कायदेशीरपणे कारखान्यातूनच जन्मू शकते. शेपूट कापण्याचा हक्क घोडेवाल्याकडून तबेलेवाल्याकडे गेला, आणि मग त्याची किंमतही तबेलेवालाच ठरविणार.

अशी पहिली परवडणारी देशी बॉबर जिने आणली, त्या ‘जावा’चे नाव आपल्याकडील वडीलधाऱ्यांना नवे नाही. फ्रांटिशेक यानेचेक नावाच्या एका चेक शस्त्रकारखानदाराने १९२९ साली जर्मन ‘वांडरर’ कंपनीच्या मोटारसायकलचा परवाना घेतला, आणि स्वतःच्या व तिच्या नावाची पहिली अक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव केले. त्याची पहिली ५०० सीसीची गाडी महाग, आणि मंदीही त्याच मुहूर्तावर आलेली. कारखाना तगला तो १९३२ च्या १७५ सीसीच्या स्वस्त, साध्या गाडीमुळे. पुढे १९३९ साली जर्मन फौजा प्रागमध्ये आल्या. कारखान्याला त्यांची लष्करी कामे करावी लागली. परंतु तिथल्या यंत्रज्ञांनी त्या अंधारात चोरून एका नव्या २५० सीसी गाडीची आखणी केली. त्याच दिवसांत प्रागच्या गल्ल्यांतून एक दंतकथा फिरत होती: ‘पेराक’ नावाचा कोणी माणूस आहे, त्याच्या पायांना स्प्रिंगा आहेत, आणि रात्री भिंतींवरून उड्या मारीत तो जर्मन शिपायांच्या हातावर तुरी देतो. युद्धानंतर १९४६ साली ती गाडी पॅरिसच्या प्रदर्शनात आली, तिथे सुवर्णपदक मिळवून गेली, आणि लोकांनी तिला ‘पेराक’ म्हटले. का? तर तिच्या मागच्या चाकाला स्प्रिंगा होत्या! यानेचेक मात्र १९४१ सालीच वारला होता.

हा इतिहास ध्यानात ठेवून पुढचे पाहा. भारतात फारूख इराणी व रुस्तम इराणी यांनी म्हैसूरला ‘आयडियल जावा’ काढली. १९६१ साली महाराज जयचामराजेंद्र वडियार यांच्या हस्ते कारखान्याचे उद्‍घाटन झाले. किक मारायची दांडी तीच आडवी करून गिअर पाडायची, हा तिचा चमत्कार ज्यांनी पाहिला ते अजून तिची आठवण काढतात. पुढे तिचीच ‘येझदी’ झाली, आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. नंतर महिंद्र समूहाच्या ‘क्लासिक लेजंड्स’ कंपनीने जावा हे नाव पुन्हा उठविले, आणि १५ नोव्हेंबर २०१८ रोजी इतर दोन गाड्यांबरोबर एका बॉबरची घोषणा केली. किंमत सांगितली १ लाख ८९ हजार. प्रत्यक्ष बाजारात आली ती वर्षाने, १ लाख ९४ हजारांना. ३३४ सीसीचे पाण्याने थंड होणारे इंजिन, सहा गिअर, अधांतरी तरंगल्यासारखी एकच बैठक, काळा रंग. आणि नाव? ‘पेराक’! ज्या गाडीचे नाव मागच्या स्प्रिंगेवरून पडले, तेच नाव स्प्रिंग लपवून मिरवणाऱ्या गाडीला. कादंबरीत मी असे लिहिले असते तर संपादकांनी ‘फार ओढून ताणून’ असा शेरा मारला असता. परंतु ही थट्टा सोडली तर एक गोष्ट मान्य केली पाहिजे: परदेशी बॉबरच्या किमतीत जिथे सदनिकेची पहिली रक्कम भरता येते, तिथे दोन लाखांच्या आत ते रूप रस्त्यावर आणणे हे सोपे काम नव्हते.

दुसरे उदाहरण आपल्या अगदी शेजारचे. मद्रासेत १९५५ साली सुरू झालेल्या एनफील्डने (आजची रॉयल एनफील्ड) नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या आपल्या मेळाव्यात ‘गोअन क्लासिक ३५०’ ही बॉबर आणली. साठीच्या शेवटी व सत्तरीत हणजुण्याच्या किनाऱ्यावर आलेल्या हिप्पींच्या गाड्यांवरून ती सुचली, असे कंपनी सांगते. रंगांची नावेही त्याच तऱ्हेची: ‘शॅक ब्लॅक’, ‘रेव्ह रेड’, ‘पर्पल हेझ’. ३४९ सीसी, वीस अश्वशक्ती, उंच हँडल, पांढऱ्या कडांचे टायर, बैठक जमिनीपासून ७५० मिलिमीटर. बुटक्या माणसाचे दोन्ही पाय सिग्नलला जमिनीवर टेकतात. हे सुख ज्याला मिळाले नाही त्यालाच त्याची किंमत कळेल. तारांच्या चाकात सहसा ट्यूब लागते, कारण तारांच्या बुडातून हवा जाते. इथे ट्यूबविना चालणारी तारेची चाके दिली आहेत, आणि पंक्चर झालेली जड गाडी ज्याने घाटात ढकलली असेल तो या एका गोष्टीसाठी कंपनीला दुवा देईल.

पण आता तराजू घेऊ. त्याच इंजिनाची, दोन माणसांच्या धड बैठकीची साधी ‘क्लासिक ३५०’ भरते १९५ किलो; तिच्यातून घडविलेली ही बॉबर भरते १९७. म्हणजे शेपूट कापून घोड्याचे वजन दोन किलोंनी वाढले! २०२४ साली साध्या क्लासिकची किंमत १ लाख ९९ हजारांपासून सुरू होत होती, गोअनची २ लाख ३५ हजारांपासून. १९३४ च्या त्या स्वाराला हा व्यवहार समजावून सांगायला बसलो तर तो दिवा लावून सरळ घरी निघून जाईल. शक्ती तीच, वजन अधिक, पैसे अधिक. मग माणूस घेतो ते काय? घेतो ते आकृती. ती सुंदर आहे यात शंका नाही. डोळा तिच्यावरून विनाअडथळा फिरतो; एकही वस्तू उगाच लटकलेली नाही. आपल्या साध्या गाड्यांवर पिशवीचा हूक, डब्याची जागा, बाजूचे लोखंडी कुंपण असा संसार इतका लोंबत असतो की, संसार उतरवून ठेवलेली गाडी पाहिली की क्षणभर बरे वाटते. संन्याशाकडे पाहून गृहस्थाला वाटते तसे.

चालवताना मात्र संन्यास जाणवतो. हँडल उंच आणि पाय पुढे, म्हणजे शरीराचा भार माकडहाडावर. पाय रोवून खड्ड्यावर किंचित उठावे तर पाय आपल्या खाली नाहीत. समोरचा वारा छातीवर घेत महामार्गावर तासन्‌तास बसणे हे काम तिचे नव्हे. मागचा टायर रुंद, त्यामुळे गाडी सरळ रस्त्यावर गंभीर वाटते, पण वळणात घालायला थोडी समजूत घालावी लागते. सामान बांधायला जागा नाही. आखूड मडगार्डमुळे आमच्या कोकणच्या पावसात लाल चिखलाची रेघ थेट पाठीवर उमटते. सकाळच्या गार हवेत, ओळखीच्या रस्त्यावर, तीस-चाळीस किलोमीटर एकट्याने जायचे असेल तर तिच्यासारखी सोबत नाही. आपल्यापैकी कितीजण तसे जातात, हा प्रश्न निराळा.

कारण आपल्याकडे मोटारसायकल ही एकट्याची वस्तू कधी नव्हतीच. ‘डबलसीट’ हा शब्द मराठीने आपला करून घेतला आहे. ‘ट्रिपलसीट’ हा तर गुन्हा असूनही घरगुती शब्द आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की, मागे माणूस बसण्याची सोय असलेल्या मोटारसायकलला धरायला मूठ, पाय ठेवायला आधार आणि मागचे चाक निदान अर्धे झाकील असे संरक्षण असलेच पाहिजे, म्हणजे मागे बसणाराचे कपडे चाकात जाणार नाहीत. कायद्याच्या रुक्ष भाषेत ‘कपडे’ लिहिले आहे. प्रत्यक्षात ती आईची नाही तर बायकोची साडी आहे. गॅरेजात त्या जाळीला ‘साडीगार्ड’च म्हणतात. बॉबरचे चित्र काढणाराला सर्वांत नकोशी वाटणारी वस्तू तीच, आणि एकटी बैठक ठेवली की ती टळते.

आमच्या शाळेतून गेलेला एक मुलगा औद्योगिक वसाहतीत फिटर आहे. त्याने गेल्या वर्षी अशा गाड्यांची सगळी माहिती जमविली होती. हप्ता किती, व्याज किती, सारे वहीत लिहून मला दाखवायला आला. मी म्हटले, “मग घेतोस केव्हा?” तो हसून म्हणाला, “सर, गुरुवारी आईला बाजारात न्यायचं असतं. तिची भाजीची पाटी आणि ती, दोघी मागे.” आणि थोड्या वेळाने, “पण गाडी काय दिसते हो सर!” ही दोन वाक्ये त्याने एकाच दमात म्हटली नाहीत, मधे चहा झाला.

त्याच्यासारख्यांना सरकारने गेल्या काही वर्षांत थोडी मदत केली आहे, ती नकळत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, आणि त्यावरच्यांवर ४० टक्के लागला. पेराकचे ३३४ आणि गोअनचे ३४९ हे आकडे त्या रेषेच्या आत बसतात. जुनी बुलेट ३४६ सीसीची होती, म्हणजे ही रेषा पडण्यापूर्वीच आपल्या ‘मध्यम’ गाडीचे माप ठरून गेले होते. होंडाची ४७१ सीसीची ‘रेबेल ५००’ ही बॉबर २०२५ च्या मे महिन्यात भारतात आली, ती पाच लाखांच्या पुढे. ती या गप्पांत बसत नाही.

गोअन क्लासिकबाबत एक गोष्ट सांगायची राहिली. तिच्यात मागची बैठक कारखान्यातूनच दिली आहे, परंतु ती काढता येते. लहानशीच आहे, दुकानातल्या चित्रांत ती क्वचितच दिसते. अमेरिकन सैनिकाने जो निर्णय पान्याने एकदाचा उरकला, तो आपल्या माणसाच्या हाती उघडा ठेवला आहे: रविवारी काढा, सोमवारी लावा.

आणि ज्या गोव्याचे नाव तिने घेतले, तिथली खरी नावाजलेली मोटारसायकल कोणती? ‘पायलट’ची. भाड्याने माणसे नेणारे हे परवानाधारक गोव्यात सर्वत्र आहेत, आणि त्यांची खूण म्हणजे पुढचे पिवळे मडगार्ड. ज्यांचा सारा चरितार्थ मागच्या बैठकीवर चालतो आणि ज्यांची ओळख मडगार्डच्या रंगावर आहे, अशी माणसे दुसऱ्या कुठल्या प्रांतात मी पाहिली नाहीत. पणजीच्या बसस्थानकावर उतरलात तर ते रांगेने उभे दिसतील. भाडे ठरले की पायलट आधी किक मारीत नाही. खाली वाकून मागच्या माणसाचे पायठाण उलगडतो, मग हँडलला हात घालतो.